स्पॉकने वाचवलं नसतं तर?

अवकाशातली लढाई पडद्यावर सुरू झाली की बघणाऱ्यांचे दोन गट पडतात. एका गटाला किती यानं उडाली, किती स्फोट झाले, कोण जिंकलं एवढंच हवं असतं. दुसऱ्या गटाला चुका सापडतात. अवकाशात हवा नाही, मग आवाज कुठून आला? शत्रूचं यान दिसतच नाही, तर नेम कशावर धरला? दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यांची भांडणं ऐकायला मजाही येते. पण एक जुना भाग असा आहे, की तो पाहून झाल्यावर लढाईपेक्षा लढणाऱ्यांच्या खोलीत काय चाललं होतं, तेच डोक्यात राहतं. माझ्या तर तो बरेच दिवस डोक्यात आहे.

'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेचा 'बॅलन्स ऑफ टेरर' हा तो भाग. अमेरिकेत तो १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. म्हणजे ज्या पोरांना मी शिकवतो, त्यांच्या आजोबांच्या वयाचा. ही मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. माझं वय तेव्हा ती कळण्याचं नव्हतं. माझी आठवण सुरू होते ती 'स्पेस सिटी सिग्मा'पासून, आणि मग १९९८च्या 'कॅप्टन व्योम'पासून. त्यातला मिलिंद सोमण सगळ्यांना आठवतो. मला विश्वप्रमुख झालेले टॉम ऑल्टर जास्त आठवतात. मसुरीत जन्मलेला हा गोरा माणूस असं उर्दू बोलायचा, की आम्ही उर्दू शिकवणाऱ्यांनी लाजावं. पुढे रंगमंचावर त्यांनी मौलाना आझाद उभे केले. पण ते असो. आपल्या या मालिकांत एक सोय होती. शत्रू दिसताक्षणी कळायचा. चेहरा वेगळा, कपडे वेगळे, हसणंसुद्धा वेगळं. आपल्या यानातल्या माणसाकडे वळून बघायची वेळ कुणावर येत नसे.

'बॅलन्स ऑफ टेरर'मध्ये नेमकी ती वेळ येते.

गोष्ट अशी. एंटरप्राइज नावाच्या यानावर एक लग्न चालू आहे. कॅप्टन कर्क स्वतः लग्न लावतोय. तेवढ्यात खबर येते, की सरहद्दीवरच्या चौक्या एकामागून एक नष्ट होताहेत. सरहद्दीपलीकडे रोम्युलन लोक राहतात. शंभरएक वर्षांपूर्वी त्यांच्याशी माणसांचं युद्ध झालं होतं. गंमत म्हणजे, त्या युद्धात कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही. तहसुद्धा रेडिओवरून झाला. त्यामुळे रोम्युलन दिसतो कसा, हे कुणालाच ठाऊक नाही. यानाचा मार्गदर्शक, लेफ्टनंट स्टाइल्स, याच्या घराण्यातली माणसं त्या युद्धात मेलेली आहेत. त्याचा राग ताजा आहे. तो आल्याआल्याच म्हणतो, की यानावर हेर असू शकतात.

मग शत्रूच्या यानातलं चित्र एकदाचं पडद्यावर येतं. रोम्युलन कमांडरचा चेहरा दिसतो. टोकदार कान, तिरप्या भुवया. थेट स्पॉकसारखा. स्पॉक हा एंटरप्राइजवरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, अर्धा माणूस आणि अर्धा व्हल्कन. आतापर्यंत त्याच्या कानांची कुणाला अडचण नव्हती. पण त्या एका क्षणात स्टाइल्सची मान स्पॉककडे वळते. कुणी काही बोलत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या त्या मालिकेत पैसे फार नव्हते, बरेचसे रोम्युलन शिपाई डोक्यावर शिरस्त्राण घालून बसलेत. का, तर सगळ्यांना टोकदार कान लावणं परवडत नव्हतं! पण मान वळण्याचा तो एक क्षण करायला पैसे लागले नाहीत, आणि अख्ख्या लढाईत त्याच्याएवढा मोठा स्फोट दुसरा नाही.

ती मान मला ओळखीची आहे. माझ्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना ती ओळखीची असणार. कुठे काही घडलं, टीव्हीवर एखादं नाव आलं, की कचेरीतल्या, एसटीतल्या, सोसायटीच्या जिन्यातल्या दोन-तीन माना आपल्याकडे वळतात. द्वेषाने वळतात असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा नुसत्या वळतात, आणि परत सरळ होतात. वळलेल्या माणसाला ते आठवतही नाही. आपल्याला मात्र आठवतं.

कर्क काय करतो ते बघण्यासारखं आहे. स्टाइल्स कुजकट बोलतो. शत्रूचा संदेश उलगडायला स्पॉककडेच द्या की, अशा अर्थाचं. कर्क त्याची खुर्ची फिरवून त्याला सुनावतो, की तुझा हा द्वेष तुझ्या खोलीत ठेवून ये, या कक्षात त्याला जागा नाही. एवढंच. पुढे भाषण नाही. स्पॉक किती निष्ठावान आहे, त्याने आजवर काय काय केलं, याची यादी कर्क वाचून दाखवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

यानंतरची लढाई म्हणजे पाणबुड्यांची लढाई आहे. लेखक पॉल श्नायडर यांनी १९५७च्या 'द एनिमी बिलो' या पाणबुडीच्या चित्रपटाचा साचा घेतला होता, आणि तो लपत नाही. दोन्ही यानं दिवे, यंत्रं बंद करून अंधारात एकमेकांचा कानोसा घेत बसतात. अवकाशात कानोसा कसला, असं दुसऱ्या गटाने म्हणावं, त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण मला त्या शांततेतली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दुरुस्ती करताना स्पॉकच्या हातून चुकून एक कळ दाबली जाते. आवाज होतो, आणि शत्रूला सुगावा लागतो.

आता विचार करा. हीच कळ स्टाइल्सच्या हातून दाबली गेली असती, तर ती चूक ठरली असती. सुलूच्या हातून गेली असती, तरी चूकच. स्पॉकच्या हातून गेली, म्हणून ती नुसती चूक राहत नाही.

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकाचा सामना झाला. पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं. दहा गडी राखून, याचा अर्थ आपल्या एकाही गोलंदाजाला एकही बळी मिळाला नाही. हे साधं अंकगणित आहे. पण त्या रात्री शिव्या कुणाला पडल्या? ३.५ षटकांत ४३ धावा देणाऱ्या मोहम्मद शमीला. त्याचा दिवस वाईट गेला होता, हे खरं. वाईट दिवस गोलंदाजाला येतात. त्याच्या वाईट दिवसाचा लोकांनी वेगळाच अर्थ लावला. काही दिवसांनी कॅप्टन विराट कोहली पत्रकारांसमोर बसला आणि धर्मावरून कुणाला लक्ष्य करणं ही माणसाने करावी अशी सगळ्यात हीन गोष्ट आहे, असं स्वच्छ बोलला. मी क्रिकेटवेडा नाही, पण त्या दिवशी मला कर्कची फिरवलेली खुर्ची आठवली. कोहलीनेही शमीच्या बळींची यादी पुढे करण्याच्या आधी, हे चालणार नाही, हेच सांगितलं.

आणखी एक माणूस त्या भागात आहे, ज्याच्याकडे बघणाऱ्यांचं लक्ष जात नाही. स्टाइल्सच्या शेजारच्या खुर्चीत, यानाच्या सुकाणूवर, सुलू बसलेला असतो. ते काम करणारे नट जॉर्ज टाकेई, जन्माने अमेरिकी, वंशाने जपानी. जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकल्यावर फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक हुकूम काढला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा काय, तर चेहरा. टाकेई तेव्हा पाच वर्षांचे होते. आधी त्यांच्या कुटुंबाला रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं, मग आर्कान्सासमधल्या छावणीत, आणि मग ट्यूल लेकच्या छावणीत.

ट्यूल लेकला का, तेही सांगतो. १९४३ मध्ये छावणीतल्या लोकांना एक प्रश्नपत्रिका दिली गेली. त्यातला २७ आणि २८ क्रमांकाचा प्रश्न निष्ठेचा होता. अमेरिकेच्या सैन्यात लढाल का? अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेऊन जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडाल का? या दुसऱ्या प्रश्नातली मेख बघा. सोडतो म्हटलं, तर ती आधी होती असं कबूल केल्यासारखं होतं. टाकेईंच्या आईवडिलांनी दोन्ही प्रश्नांना नाही म्हटलं. ज्यांनी तसं म्हटलं, त्यांची रवानगी ट्यूल लेकला झाली.

मी बीएडला असताना प्रश्नपत्रिका कशी काढावी यावर आम्हाला बरंच शिकवलं होतं. ज्या प्रश्नाचं कुठलंही उत्तर दिलं तरी विद्यार्थी नापास होतो, तो प्रश्नच नव्हे, हा पहिला धडा होता.

तर हा मुलगा मोठा होऊन नट झाला, आणि १९६६ मध्ये स्टुडिओत एका गोऱ्या नटाशेजारी बसला, जो नाटकात म्हणत होता की शत्रूसारखा चेहरा असलेला माणूस आपल्या यानात आहे. टाकेईंच्या मनात त्या दिवशी काय आलं असेल, त्याची कल्पना ज्याने त्याने करावी.

आता त्या भागातल्या प्रसिद्ध प्रसंगाकडे येतो. लढाई टोकाला आली आहे. फेझर नावाच्या तोफा चालवायच्या खोलीत माणसं कमी पडतात, म्हणून स्टाइल्सला तिकडे पाठवलं जातं. तिथे टॉमलिन्सन आहे, ज्याचं लग्न अर्धवट राहिलं तोच. स्पॉक तिथे येऊन विचारतो, की मदत हवी का. स्टाइल्स तुसडेपणाने सांगतो, या वेळी तुझ्या मदतीवाचून आमचं चालेल. स्पॉक निघतो. तेवढ्यात विषारी वायूची गळती सुरू होते, दोघंही कोसळतात. स्पॉक परत फिरतो, तोफ डागतो, लढाई तिथेच जिंकली जाते, आणि तो स्टाइल्सला ओढून बाहेर काढतो. टॉमलिन्सन मरतो. एंटरप्राइजवर मेलेला तो एकटाच. नंतर दवाखान्यात स्टाइल्स कबूल करतो, की स्पॉकने माझा जीव वाचवला, आणि त्याची नजर बदललेली असते.

हा भाग आजही या मालिकेच्या सर्वोत्तम भागांत गणला जातो, आणि बघणारे बहुतेक जण याच प्रसंगावर खूश होतात. द्वेष करणाऱ्याचे डोळे उघडले, न्याय झाला.

मला इथे अडायला होतं. आणि अडायला लावलं ते माझ्या वर्गातल्या एका मुलीने.

आमच्या लोणी काळभोरला शनिवारची शाळा सकाळची असते. एका शनिवारी आठवी-नववीच्या मुलांना मी हा भाग वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दाखवला. इंग्रजी संवाद, त्यामुळे मध्येमध्ये थांबवून अर्धं उर्दूत आणि अर्धं मराठीत समजावत होतो. पहिली दहा मिनिटं नुसता हशा. 'सर, हे बटण तर आमच्या मिक्सरचं आहे.' 'सर, यान हलतं तेव्हा माणसं मुद्दाम पडतात.' मग गळतीचा प्रसंग आला आणि वर्ग गप्प झाला. आमच्याकडे तेलाचे डेपो आहेत, सोलापूर रस्त्यावर टँकरची रांग कधी संपत नाही, आणि वर्गातल्या काही मुलांचे अब्बा टँकर चालवतात. गळती म्हणजे काय, हे या मुलांना शिकवावं लागत नाही. एक पोरगा तर चिडूनच म्हणाला, 'एवढं मोठं यान बनवलं आणि तोंडाला लावायला मास्क नाही?' माझ्या मते त्या भागावरची आजवरची सगळ्यात रास्त टीका तीच आहे.

शेवटी मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर नववीतली एक मुलगी, जी एरवी फार बोलत नाही, तिने विचारलं, 'सर, स्पॉकने त्याला वाचवलं नसतं तर?'

वाचवता आलंच नसतं, असं धरा. खोली दूर असती, दार अडकलं असतं. मग स्टाइल्सचा संशय बरोबर ठरला असता का? स्पॉक त्या दिवशी आपल्या जागेवर बसून नेमून दिलेलं काम करत राहिला असता, शूरपणाची संधीच आली नसती, तर तो यानाचा कमी विश्वासू माणूस होता का?

तिचा प्रश्न मी घरी घेऊन आलो, कारण हा प्रश्न आपल्या गावातल्या, आपल्या शाळांतल्या एका सवयीला भिडतो. १५ ऑगस्ट आला, २६ जानेवारी आली, की आपल्या मुलांना भाषण दिलं जातं. त्यात एक यादी असते. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, ३ जुलै १९४८, झंगड. हवालदार अब्दुल हमीद, खेमकरण, १९६५, परमवीर चक्र. डॉ. कलाम. महाराष्ट्रात भाषण असेल तर शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान. ही माणसं खरी आहेत, त्यांचं मोठेपण खरं आहे, आणि ती प्रत्येक मुलाला माहीत असली पाहिजेत, मग ते कुठल्याही घरातलं असो. मी ती शिकवतो आणि शिकवत राहणार. पण आपल्या मुलाच्या तोंडी ही यादी येते तेव्हा तिचा सूर बदलतो, ते ऐकलंय का कधी? शेजारच्या शाळेतला मुलगा अब्दुल हमीदचं नाव अभिमानाने घेतो. आपला मुलगा ते नाव पुरावा म्हणून घेतो. फेझरच्या खोलीतून ओढून आणलेले आपले सगळे स्पॉक तो एका रांगेत उभे करतो आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे बघतो, की आता तरी?

माझं म्हणणं एवढंच आहे, की अब्दुल हमीदने रणगाडे उडवले म्हणून लोणी काळभोरच्या टँकरवाल्याचा मुलगा या देशाचा ठरत नाही. त्याने ते उडवले नसते, तरी तो इथलाच असता. तो गणितात नापास झाला तरी इथलाच. आयुष्यभर पंक्चरचं दुकान चालवलं, कुणाचाही जीव वाचवला नाही, कुठलंही पदक आणलं नाही, तरीही.

उर्दू गझलेत आशिकाकडून वफ़ाची परीक्षा सतत घेतली जाते. तो देतच राहतो, महबूबाचं समाधान कधी होत नाही, आणि त्या न होण्यातच गझलेची सगळी गंमत आहे. नागरिकत्वाची गझल करू नये.

इथे माझे काही मित्र म्हणतील, अरे, जग असंच चालतं, विश्वास कमवावा लागतो. मग अमेरिकेचं पुढे काय झालं, ते बघा. छावण्यांतल्या घरांमधली तरुण मुलं त्याच अमेरिकेसाठी लढायला गेली. त्यांची ४४२वी पलटण युरोपात अशी लढली, की तिच्या आकाराच्या मानाने तिच्याएवढी शौर्यपदकं अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्या पलटणीला मिळाली नाहीत. फेझरच्या खोलीत याहून मोठं काय करणार? आणि तरीही त्यांचे आईबाप त्या काळात तारांच्या आतच होते. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला २०,००० डॉलर दिले. पैसे देताना कुणी विचारलं नाही, की तुझ्या घरातलं कोण पलटणीत होतं. पदकवाल्यालाही तेवढेच, आणि छावणीत नुसती भांडी घासत बसलेल्या म्हातारीलाही तेवढेच. कारण अन्याय झाला होता तो म्हातारीवरही, आणि तिने काही सिद्ध करायचं राहिलेलं नव्हतं.

त्या भागात रोम्युलन कमांडर मरण्याआधी कर्कला म्हणतो, की जग वेगळं असतं तर आपण मित्र झालो असतो. वेगळं जग म्हटलं की मराठी वाचकाला डॉ. जयंत नारळीकर आठवणारच. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही, आणि मराठे पानिपत जिंकतात. मराठीत म्हणतातच, विश्वास तर पानिपतात गेला. त्या म्हणीवर विनोद पुष्कळ झाले. पण पानिपतात विश्वासाची आणखी एक गोष्ट आहे, ती इब्राहिमखान गारद्याची.

इब्राहिमखान फ्रेंचांच्या, बुसीच्या तालमीत तयार झालेला तोफखान्याचा सरदार. आधी निजामाकडे, आणि मग पेशव्यांकडे. १४ जानेवारी १७६१ला सकाळी तो भाऊसाहेबांपुढे आला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने फारसीत लिहून ठेवलंय, की तो भाऊंना काय म्हणाला. माझ्या माणसांचा पगार मी वेळेवर मागतो म्हणून आपण माझ्यावर नाराज होता. या महिन्याचा तर मिळालाही नाही. पण असू द्या, आजवर घेतलेला पगार आम्ही फुकट घेतला नाही हे आज दिसेल. आणि ते दिसलं. त्याच्या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांना कापून काढलं. संध्याकाळी तो जखमी होऊन पकडला गेला, आणि त्याला ठार मारलं.

ही गोष्ट भाषणात नेहमी शेवटापासून सांगितली जाते: मुसलमान असून अब्दालीविरुद्ध लढला, मेला. मला तिची सुरुवात आवडते. त्या माणसाने पगार मागितला होता. तोफखान्याचा अधिकारी म्हणून, दुसरा कुणीही मागेल तसा, हक्काने, तारखेला, आणि धन्याची नाराजी पत्करून. पगार मागणारा इब्राहिमखान मला मरणाऱ्या इब्राहिमखानाइतकाच मोलाचा वाटतो. आपल्या मुलांना शिकवायला तर पहिलाच जास्त.

एक आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. २०२२ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या नव्या मालिकेने हीच लढाई पुन्हा रचली. त्यात कर्कच्या जागी कॅप्टन पाइक असतो. तो मवाळ, समजुतीने घेणारा. आणि त्याच्या समजुतीने घेण्यामुळेच मोठं युद्ध पेटतं, स्पॉक जबर जखमी होतो. तो भाग पाहून कुणी म्हणेल, घ्या, शत्रूशी माणुसकीने वागलं की हे असं होतं. पण त्यातून कर्क बरोबर ठरतो, स्टाइल्स नव्हे. कर्क शत्रूवर तोफ डागतो, कुचराई करत नाही. आणि त्याच तासाभरात आपल्या माणसावर संशय घेणाऱ्याला गप्प बसवतो. दोन्ही कामं एकच माणूस करतो. जुन्या भागात हल्ला करा असा सल्ला देणारा तर खुद्द स्पॉक आहे. रोम्युलन आमच्याच रक्ताचे असतील तर त्यांना दुर्बळपणा दाखवून चालणार नाही, असं त्याचं म्हणणं. तर्क बिनतोड आहे. तरी मला तो ऐकताना थोडं वाईट वाटलं. ज्याच्यावर संशय आहे, त्यालाच सगळ्यात कडक बोलावं लागलं.

राहता राहिलं स्पॉकचं उत्तर. स्टाइल्स उपकार मानतो, तेव्हा स्पॉक ते घेत नाही. बघ, आता पटलं ना, असंही म्हणत नाही. तो म्हणतो, की मी एका प्रशिक्षित मार्गदर्शकाला वाचवलं, तो कामावर परत यावा म्हणून, त्यापलीकडे काही नाही. मुलांना मी गृहपाठ दिला, की हे उत्तर आपल्या शब्दांत लिहा, मराठीत किंवा उर्दूत, जसं जमेल तसं. बत्तीस वह्या आल्या. बऱ्याच जणांनी शब्दाला शब्द ठेवला. एकाने उर्दूत लिहिलं होतं, मी जहाज चालवणारा वाचवला, एहसान केला नाही. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने मराठीत तीनच शब्द लिहिले होते: 'माझी ड्यूटी होती.' ड्यूटीतला दीर्घ ऊकार तिने ऱ्हस्व केला होता. तो मी लाल पेनाने दुरुस्त केला.